एक टीव्ही, एक फोन आणि सत्तावीस कार्डे : सहावीच्या गणिताच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

माण तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गात यंदा २७ मुले आहेत. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला ४३ इंची टीव्ही आहे. तो लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. याशिवाय एक जुना लॅपटॉप, माझा स्वतःचा फोन आणि खिडकीपाशी उभे राहिल्यास मिळणारे मोबाईलचे नेटवर्क एवढीच या प्रकल्पाची सामग्री आहे.

गेल्या वर्षी मी या टीव्हीवर गणिताचे पुष्कळ व्हिडिओ दाखवले. मुले अतिशय शांत बसत आणि मला त्या शांततेचे समाधान वाटे. वर्षाच्या अखेरीस मात्र माझ्या लक्षात आले, की टीव्ही बंद केल्यावर मुलांना व्हिडिओतील हत्ती आणि त्यामागचे संगीत आठवत होते, परंतु हत्तीने वाटलेल्या भाकरीचे अपूर्णांक आठवत नव्हते. म्हणून यंदाच्या प्रकल्पाचा प्रश्न मी उलटा मांडला आहे : मुलांना आणखी काय दाखवता येईल हे न शोधता, २७ मुलांच्या डोक्यात त्या क्षणी काय चालले आहे हे मला कसे दिसेल, ते शोधायचे.

प्रत्येक मुलासाठी टॅब मागावा अशी सूचना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत झाली. मी ती नम्रपणे बाजूला ठेवली. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ मध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. पेरू देशाने तीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात तेथील मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला आढळला नाही. यंत्र हाती आले म्हणून पाठ बदलत नाही, हे त्यातून मी घेतले. स्वतःपुरता एक नियम मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे : आज तंत्रज्ञान असे कोणते काम करणार आहे, जे खडू आणि फळ्याने होत नाही, हे पाठाच्या टाचणात एका वाक्यात लिहिता आले नाही, तर त्या दिवशी कपाट उघडायचे नाही.

२६ जून, बुधवार

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडपासून सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आमच्या केंद्रातही, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातही, कोडविषयी उत्साह आहे. अडचण अशी, की वर्गात कोड स्कॅन केला तर चक्र फिरत राहते. त्यामुळे आता मी दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपवरील साहित्य तालुक्याच्या गावी, दहिवडीला गेल्यावर फोनमध्ये उतरवून आणते आणि केबलने टीव्हीवर दाखवते.

आज अपूर्णांकांच्या गुणाकाराचा व्हिडिओ लावला आणि उत्तर येण्याच्या आधीच थांबवला. ‘पुढे काय येईल ते वहीत लिहा,’ असे सांगितल्यावर वर्गात जी चुळबूळ झाली, ती गेल्या वर्षभरात मी एकदाही ऐकली नव्हती. पाच मिनिटांच्या व्हिडिओला आज २५ मिनिटे लागली. टाचणात त्याबद्दल खुलासा लिहावा लागेल, तो लिहीन.

९ जुलै, मंगळवार

प्लिकर्स नावाच्या अॅपची कार्डे तयार केली. या पद्धतीत फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक मुलाकडे कागदाचे एक कार्ड असते आणि त्यावर काळ्या चौकोनांची आकृती छापलेली असते. प्रत्येक क्रमांकाची आकृती वेगळी असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर द्यायचे त्याची बाजू वर ठेवून मूल कार्ड धरते, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी कोणता पर्याय निवडला हे फोन टिपून घेतो. पर्यायांची अक्षरे अगदी बारीक असल्यामुळे आणि आकृत्या एकसारख्या नसल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही, आणि चुकलेले उत्तर कोणाचे हे वर्गाला कळत नाही. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

पहिला दिवस फुकट गेला. कार्डे टिकावीत म्हणून मी ती चकचकीत लॅमिनेशन करून आणली होती. दाराकडून येणारा उजेड कार्डांवर पडला, आकृती पांढरी पडली आणि फोनला २७ पैकी फक्त ११ कार्डे दिसली. मुलांनी कार्डे तिरपी केली, डोक्यावर धरली, एकाने तर सदऱ्याच्या बाहीने पुसलीही. शेवटी साध्या जाड कागदावर पुन्हा प्रती काढून त्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. लॅमिनेशनचा खर्च माझ्या खात्यावर.

२३ जुलै, मंगळवार

आज पहिल्यांदा प्रकल्पाने मला काहीतरी शिकवले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहिते.

दशांश अपूर्णांक गेला आठवडाभर चालू होते. दशांश स्थान, शतांश स्थान, स्थानिक किंमत हे सर्व फळ्यावर झाले होते. तासाच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणे ‘समजलं का?’ असे विचारले आणि नेहमीप्रमाणे ‘होऽऽ’ असा एकमुखी होकार आला. त्यानंतर टीव्हीवर प्रश्न लावला : ३.२५ आणि ३.४ यांपैकी मोठी संख्या कोणती? पर्याय तीन होते : पहिली, दुसरी, दोन्ही समान. एक मूल गैरहजर होते. २६ पैकी १७ मुलांनी ३.२५ निवडली, ६ मुलांनी ३.४ निवडली आणि तिघांनी दोन्ही समान असल्याचे सांगितले.

त्या होकाराचे वजन किती असते, हे सतरा या आकड्याने दाखवून दिले.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. एका मुलीला संख्या मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा तिने ‘तीन पॉइंट पंचवीस’ आणि ‘तीन पॉइंट चार’ असे वाचले. कानाला पंचवीस आणि चार ऐकू आले, तर पंचवीसच मोठे ठरणार. पुस्तकातील ‘तीन पूर्णांक पंचवीस शतांश’ हे वाचन मुलांच्या तोंडी नाही, आणि खरे सांगायचे तर घाईत माझ्याही तोंडी नसते. दुसरे एक मूल म्हणाले, ‘मॅडम, तीन रुपये पंचवीस पैसे आणि तीन रुपये चार पैसे.’ रुपये-पैशांचे उदाहरण मीच दिले होते. रुपये नेहमी दोन स्थळांपर्यंत लिहितात, त्यामुळे ३.४ म्हणजे तीन रुपये चाळीस पैसे हे त्या उदाहरणात आपोआप दिसत नाही, याचा विचार मी केला नव्हता.

२५ जुलै, गुरुवार

ज्या ६ मुलांची उत्तरे बरोबर आली होती, त्यांना मधल्या सुट्टीत एकेकटे बोलावून कारण विचारले. एकाचे उत्तर ऐकून मी खडूचा हात पुसत तशीच उभी राहिले : ‘शंभर तुकडे केले की तुकडा बारीक होतो, म्हणून मागे दोन आकडे असले की संख्या बारीक.’ म्हणजे त्याचे उत्तर बरोबर होते आणि समजूत चूक.

म्हणून आज उलटा प्रश्न लावला : ४.६ आणि ४.६३ यांपैकी मोठी संख्या कोणती? जे मूल दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचते, त्याला ६ पेक्षा ६३ मोठे वाटून येथे चुकीच्या वाटेनेही बरोबर उत्तर मिळते. आणि ‘आकडे जास्त तर संख्या लहान’ असे मानणारे मूल मात्र येथे चुकते. झालेही तसेच. परवाच्या १७ जणांनी आज बरोबर उत्तर दिले, परवाच्या ६ पैकी चौघे चुकले, आणि समान म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघे बरोबर आले. एकूण २६ पैकी २१. टीव्हीवर ८१ टक्क्यांची लांबलचक हिरवी पट्टी झळकली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी दोन्ही दिवसांची उत्तरे हजेरीच्या क्रमाने वहीत शेजारी शेजारी लिहिली. दोन्ही प्रश्न बरोबर सोडवणारी मुले फक्त दोन होती. अॅपने प्रत्येक प्रश्नाचा निकाल चोख दिला होता, पण दोन प्रश्न एकमेकांना जोडून वाचण्याचे काम दोन रुपयांच्या पेनानेच झाले. ‘डिजिटल मूल्यमापन’ या शब्दाने आपण जे सुखावतो, त्यात हा धोका आहे : चांगला प्रश्न कोणता, हे कोणतेही अॅप सुचवत नाही, आणि वाईट प्रश्नाचा आलेखही तितकाच देखणा येतो.

३० जुलै, मंगळवार

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली पद्धत मला वापरून पाहायची होती. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे, अशी ती रीत. मात्र वर्गात बरोबर उत्तरे फारच कमी असतील तर चर्चेत चूकच पसरते. अशा वेळी आधी पुन्हा शिकवावे लागते. आमच्याकडे तर दोनच मुले पक्की होती. त्यामुळे आज आधी शिकवणे आले.

मुलांना घरून दूध संकलन केंद्राच्या पावत्या आणायला सांगितल्या होत्या. गावात निम्म्याहून अधिक घरांत गाई आहेत आणि सकाळी कॅन घेऊन जाण्याचे काम बहुधा याच मुलांकडे असते. पावतीवर लिटर दोन स्थळांपर्यंत छापलेले असतात, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) एका स्थळापर्यंत. गाईच्या दुधाचे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे आकडे या मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. एका पावतीवर ४.२० लिटर होते. मी फळ्यावर त्याशेजारी ४.५ लिहिले आणि जास्त दूध कोणते, असे विचारले. मागच्या बाकावरील मुलगा, जो गेल्या आठवड्यात दोन्ही प्रश्न चुकला होता, बसल्या जागेवरून म्हणाला, ‘चार पॉइंट पाच म्हंजे साडेचार की! आन् हे तर सव्वाचारपण नाय.’

मी इतके दिवस शोधत होते ते साधन असे समोर आले. सव्वा, साडे आणि पावणे हे शब्द या मुलांच्या जिभेवर आहेत, त्यांना ३.२५ म्हणजे सव्वातीन, ३.५ म्हणजे साडेतीन आणि ३.७५ म्हणजे पावणेचार, हे खुंटे ठोकून दिले की बाकीच्या संख्या त्यांच्यामध्ये बसवता येतात. टीव्हीवर संख्यारेषा घेतली, ३ आणि ४ यांमधला भाग बोटाने ताणावा तसा मोठा केला, तेव्हा त्यात दहा भाग उघडले. त्यातला एक पुन्हा मोठा केला, तेव्हा आणखी दहा. फळ्यावर मी शतांशाच्या रेघा कधीच नीट काढू शकले नव्हते, तेव्हा टाचणातील आजचे वाक्य खरे ठरले.

त्यानंतर ३.२५ आणि ३.४ चा प्रश्न पुन्हा लावला. २७ पैकी १३ बरोबर. आता चर्चा करण्याजोगी स्थिती होती. निकाल टीव्हीवर न दाखवता चार मिनिटे शेजाऱ्याशी भांडायला सांगितले, आणि वर्गाचा अक्षरशः बाजार झाला. दुसऱ्या फेरीत २१ बरोबर आले. पलीकडच्या वर्गातील सरांनी दोनदा डोकावून पाहिले, त्यांची क्षमा मागितली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून लाईट नव्हती आणि नेटवर्कही गेले होते. कार्डांऐवजी पाट्या काढल्या. प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहायचे आणि तीन म्हणताच एकदम वर धरायची. प्रामाणिकपणे नोंदवते, की पाटीने बारा आणे काम केले. उरलेले चार आणे म्हणजे दोन गोष्टी : पाटी शेजाऱ्याला दिसते, त्यामुळे तिघीजणी ठरावीक एका मुलीकडे पाहून लिहितात, आणि पाटी पुसली की पुरावा संपतो, दोन दिवसांची उत्तरे शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. २५ जुलैचा शोध पाटीवर लागला नसता.

३ सप्टेंबर, मंगळवार

वरिष्ठ कार्यालयातून पाहणी होती. त्या वेळी मुले कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून शतांश करत होती आणि कपाट बंद होते. ‘डिजिटल वर्ग आहे ना, मग टीव्ही चालू करा,’ अशी सूचना आली, टीव्ही चालू केला, छायाचित्र निघाले, टीव्ही बंद केला. पाहणीच्या नमुन्यात ‘साधन वापरात आहे का’ हा रकाना आहे. कशासाठी, हा रकाना नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर गृहपाठ पाठवणे आजपासून बंद केले. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हे करोनाकाळातील दिवस आठवतात. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता आहे. २७ पैकी ९ घरांत फोन वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो आणि मेंढ्या घेऊन बाहेर पडलेल्या दोन घरांत तर तो दिवसेंदिवस चार्जच होत नाही. फोन घरी असलेल्या मुलांना गृहपाठ आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी ओरडा, हे मला चालणार नाही.

त्याऐवजी माझ्या फोनवर वर्गातच ध्वनिमुद्रण सुरू केले आहे. प्रत्येक जोडीने एक संकल्पना पाचवीच्या मुलांसाठी दीड मिनिटात समजावून सांगायची. एका मुलीने सुरुवातच अशी केली : ‘पॉइंट पंचवीस म्हणायचं नाही. तसं म्हटलं की फसतो.’ दुसऱ्या जोडीने चार वेळा पुसून पाचव्यांदा मुद्रण केले, आणि प्रत्येक वेळी त्यांचे स्पष्टीकरण आखूड व नेमके होत गेले. वहीत पाच वेळा लिहा असे सांगितले असते तर काय झाले असते, ते मला ठाऊक आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर निवडणुकीचे प्रशिक्षण व काम, यांत बराच काळ गेला. २० तारखेच्या मतदानासाठी आमचाच वर्ग केंद्र होता. बाके आज जागेवर आली, टीव्हीची केबल मात्र सापडली नाही.

फोन आणि कार्डे होती, म्हणून कोणतीही उजळणी न घेता जुलैमधील दोन्ही प्रश्न फक्त आकडे बदलून विचारले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बरोबर असणारी मुले २० होती. आज १४ आहेत. मागे गेलेल्या सहांपैकी चौघे पुन्हा ‘पॉइंट पंचवीस’वर आले आहेत. मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. सुट्टीत सगळे जग पॉइंट पंचवीसच म्हणत असते. यापुढे दर पंधरा दिवसांनी जुन्या धड्यावरील दोन प्रश्न विचारायचे, असे वेळापत्रकात घातले.

१२ डिसेंबर, गुरुवार

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. आधी प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले आणि एका रेषेवर जुळवून ठेवले. हे टीव्हीवर दाखवण्यात अर्थ नव्हता. कोपरा स्वतः फाडण्यातच त्याचे सगळे आहे. परंतु हाताने फार तर तीन त्रिकोण होतात, आणि ‘सगळ्या त्रिकोणांत असंच होतं का?’ हा प्रश्न तीन त्रिकोणांनी सुटत नाही. तेथे जिओजेब्रा उघडले. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. ते लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालते, हे आमच्यासाठी मोलाचे. त्रिकोणाचा शिरोबिंदू माउसने ओढला की तिन्ही कोनांची मापे सरसर बदलतात. मुलांनी एकेकाने पुढे येऊन त्रिकोण हवा तसा वेडावाकडा केला आणि बाकीच्यांनी मापांची बेरीज वहीत केली.

चौथ्या त्रिकोणाला गोंधळ झाला. पडद्यावर ६१.५४, ४७.२३ आणि ७१.२४ अंश दिसत होते. बेरीज १८०.०१ आली. तिघांनी पुन्हा केली, तरी १८०.०१. ‘मॅडम, कॉम्प्युटर चुकला!’ असा एकच गलका झाला.

मी उत्तर सांगण्याच्या बेतात होते, पण थांबले. जुलैमध्ये शतांशाला पैसे समजणारी हीच मुले एक शतांश अंशावरून आज भांडत होती. सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळे दोनऐवजी तीन केली. आता ६१.५३६, ४७.२२७ आणि ७१.२३७ दिसू लागले. बेरीज बरोबर १८०. म्हणजे आधी तिन्ही मापे जवळच्या शतांशापर्यंत गोल केलेली होती आणि तिन्ही योगायोगाने वरच्या बाजूलाच गेली होती, हे दोन मुलींनी फळ्यावर एकाखाली एक संख्या लिहून दाखवले. तीन स्थळांनाही कधीतरी १८०.००१ येईल का, असे एकाने विचारले. येईल, असे सांगून त्याला ते शोधून काढायला लॅपटॉपपाशी बसवले. खिचडीची घंटा झाली तरी तो उठला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

संख्या गोल करण्याची गोष्ट वर्गातून जायला तयार नाही. मागच्या बाकावरील तोच मुलगा आज पावती घेऊन टेबलापाशी आला. फॅट एकाच स्थळापर्यंत छापलेले असते, आणि फॅटच्या प्रत्येक पॉइंटला दुधाचा दर बदलतो, हे त्याला वडिलांकडून माहीत आहे. त्याने विचारले, ‘मॅडम, डेअरीचं मशीन पण असंच गोल करत असंल ना? मग ते वर करतं का खाली?’

मला हे माहीत नव्हते आणि तसे मी त्याला सांगितले. शाळा सुटल्यावर संकलन केंद्राच्या सचिवांना भेटून आले. ते आधी थोडे बिचकले, नंतर सोमवारी सकाळी सात वाजता मुलांना घेऊन या म्हणाले. मशीनचे माहितीपुस्तक शोधून ठेवतील. सहा मुले येणार आहेत. फोन चार्ज करून ठेवायचा आहे, आणि दोन पाट्याही बरोबर घ्यायच्या आहेत, कारण केंद्रात नेटवर्क नाही.